तारणाची खात्री

तारणाची खात्री म्हणजे देवाने ख्रिस्तामुळे आपल्याला स्वीकारलंय, आपली पापं माफ झालीत आणि हे सगळं आपल्या पुण्याईवर नाही तर त्याच्या वचनावर उभं आहे, असा विश्वासणाऱ्याच्या मनातला भरवसा. बोलताना 'विश्वासाने तारण' आणि 'तारणाची खात्री' एकच धरतात, पण तसं नाहीये. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो हा पहिला प्रश्न, आणि तो ठरलाय हे त्याला स्वतःला कळू शकतं का हा दुसरा. ही नोंद मुख्यतः दुसऱ्याबद्दल आहे.

नव्या करारात यासाठी प्लेरोफोरिया हा ग्रीक शब्द येतो (इब्री १०:२२), अर्थ काठोकाठ भरलेला भरवसा. इफिसकरांस पत्रात (१:१४) पवित्र आत्म्यासाठी अर्राबोन हा बाजारातला शब्द वापरलाय, म्हणजे आपण जमिनीच्या सौद्यात देतो तो विसार, पूर्ण रक्कम मिळायचीय पण व्यवहार पक्का झालाय. लॅटिनमध्ये सर्टिट्यूडो आणि सेक्युरिटास असे दोन शब्द आहेत आणि सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचा जर्मन पुढारी मार्टिन ल्यूथर त्यात काटेकोर फरक करतो, पहिला म्हणजे वचनावरचा भरवसा, दुसरा म्हणजे आता काही काळजी नाही असं समजून निर्धास्त होणं, जे त्याला घातकच वाटायचं.

मध्ययुगात साधारण मत असं होतं की आपण कृपेत आहोत, म्हणजे देवाने आपल्याला स्वीकारलंय, हे माणसाला नक्की कळत नाही. त्यासाठी उपदेशक ९:१ चा आधार घ्यायचे. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अॅक्वायनस म्हणतो की काही खुणांवरून अंदाज बांधता येतो, पक्कं ज्ञान मात्र देवाने खास प्रकट केलं तरच. १४३१ च्या पाखंडाच्या खटल्यात जोन ऑफ आर्कला 'तू कृपेत आहेस का' असं विचारलं, तो पेच यातूनच आलेला, हो म्हटलं तर अहंकार आणि नाही म्हटलं तर गुन्ह्याची कबुली. नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच ठेवो, असं तिने उत्तर दिलं.

ल्यूथरला ही खात्री कधी मिळाली यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. मूळ आधार म्हणजे त्याने १५४५ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, आपल्या लॅटिन ग्रंथांना लिहिलेली प्रस्तावना. त्यात तो सांगतो की रोमकरांस १:१७ मधलं 'देवाचं नीतिमत्त्व' हे शब्द त्याला नकोसे झाले होते कारण त्याचा अर्थ तो शिक्षा करणारा न्याय असा घ्यायचा, मग रात्रंदिवस विचार केल्यावर कळलं की हे देव विश्वासाद्वारे देतो ते नीतिमत्त्व आहे आणि जणू स्वर्गाची दारं उघडली. त्याच्या जेवणावेळच्या गप्पांच्या टिपणांत ही जागा विटेनबर्गच्या मठाचा बुरुज म्हणून येते, म्हणून 'बुरुजातला अनुभव' हे नाव पडलं. आता अडचण अशी की प्रस्तावनेत हा प्रसंग ल्यूथरची बायबलमधल्या स्तोत्रांवरची दुसरी व्याख्यानं सुरू झाली त्या सुमाराला येतो, म्हणजे १५१८-१९, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिर्श, फोगेल्सांग वगैरेंनी पहिल्या स्तोत्र-व्याख्यानांतले (१५१३-१५) उतारे दाखवून तो त्या काळातला ठरवला आणि म्हातारपणी ल्यूथरच्या आठवणीत घोळ झाला असं मानलं. यात भर पडली ती त्याच्या रोमकरांवरच्या व्याख्यानांची (१५१५-१६), ती फिकरने १९०८ मध्ये छापली तोवर अभ्यासकांच्या हातात नव्हती. १९५८ मध्ये एर्न्स्ट बित्सरने पुन्हा १५१८ चा पक्ष घेतला.

खात्रीपुरतं बोलायचं तर उशिराची तारीख जास्त पटते. कारण रोमकरांवरच्या व्याख्यानांत ल्यूथर अजूनही म्हणतोय की आपण नीतिमान ठरलो की नाही हे आपल्याला कळू शकत नाही, म्हणजे कृपेची शिकवण आलीय पण खात्री आलेली नाही. ती दिसते १५१८ मध्ये, पापकबुलीनंतर धर्मगुरूने उच्चारलेला पापक्षमेचा शब्द ऐकताना तो ख्रिस्ताचाच शब्द म्हणून विश्वासाने धरावा असा तो आग्रह धरतो तेव्हा. ऑक्टोबर १५१८ मध्ये आउग्सबुर्गला पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेतानने ज्या दोन मुद्द्यांवर त्याला माघार घ्यायला सांगितलं त्यातला एक हाच होता, आणि हे म्हणजे नवं चर्च उभारणं झालं असं कायेतानने लिहिलं. मला वाटतं कायेतानला मुद्द्याचं वजन बरोबर कळलं होतं. माणूस आपल्या पश्चात्तापाची खोली मोजत बसला तर ती कधीच पुरी पडत नाही, ल्यूथरने नजर तिथून काढून देवाच्या वचनावर लावली.

१३ जानेवारी १५४७ ला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने याला उत्तर दिलं. आपल्याला कृपा मिळालीय हे कुणालाही चूक होणारच नाही अशा विश्वासाच्या खात्रीने कळू शकत नाही, असा तो निर्णय. पण परिषदेत सगळे एका बाजूला नव्हते, धर्मपंडितांपैकी कॅथारिनस खात्री शक्य आहे म्हणायचा आणि दोमिंगो दे सोतो विरोधात.

ल्यूथरनंतरच्या पिढीतला सुधारक कॅल्विन याने विश्वासाची व्याख्याच देवाच्या कृपेचं पक्कं ज्ञान अशी केली, त्याच्या रिफॉर्म्ड परंपरेतली हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) पण त्याच वळणाची. त्याच परंपरेतली इंग्लंडातली वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली (१६४६) मात्र १८ व्या प्रकरणात म्हणते की खरा विश्वासणारा असूनही खात्रीसाठी बरीच वाट बघावी लागू शकते. हा कॅल्विनपासून तुटलेला धागा आहे असं अभ्यासक केंडलने १९७९ मध्ये मांडलं, पॉल हेल्मने १९८२ मध्ये ते खोडलं, हेल्मची बाजू जास्त सावध वाटते. सत्कर्मांचं काय, तर याकोब २ आणि २ पेत्र १:१० वरून या परंपरेत ती विश्वासाचं फळ धरतात, मूळ नाही. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याला २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये ल्यूथरची रोमकरांवरची प्रस्तावना ऐकताना खात्री झाली, मेथडिस्ट परंपरेत 'आत्म्याची साक्ष' (रोम ८:१६) महत्त्वाची आहे ती यामुळे.

३१ ऑक्टोबर १९९९ ला त्याच आउग्सबुर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक चर्चने, माणूस नीतिमान कसा ठरतो यावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यात कॅथलिक बाजूने मान्य केलंय की विश्वास स्वतःच्या अनुभवावर नाही, ख्रिस्ताच्या वचनावर टेकलेला असावा.

मराठीत याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाईंचं. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला झाला, पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. म्हणजे १८९१, तेव्हा त्यांची स्त्रियांसाठीची शाळा शारदा सदन पुण्यात होती, वाचन-अभ्यास, सेवा सगळं सुरू होतं आणि त्यांना कमी पडत होती ती हीच खात्री.