शिशाची नैसर्गिक पातळी

माणसाने खाणीतून शिसे काढून ते हवेत, पाण्यात आणि अन्नात मिसळू देण्यापूर्वी निसर्गात व सजीवांच्या शरीरात जेवढे शिसे असे, ते प्रमाण. पर्यावरणीय विषशास्त्रातील ही संकल्पना मुख्यतः अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर कॅमेरॉन पॅटरसन (१९२२–१९९५) यांच्या संशोधनातून उभी राहिली.

पॅटरसन विषशास्त्राकडे आले ते खडकांच्या वाटेने. शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी त्यांना झिरकॉन या युरेनियम असलेल्या खनिजाच्या बारीक कणांतील शिसे मोजायला सांगितले. युरेनियमचे सावकाश शिशात रूपांतर होत असते, त्यामुळे दोन्हींच्या प्रमाणावरून खडकाचे वय काढता येते. जॉर्ज टिल्टन यांच्याकडे युरेनियमचे काम होते आणि त्यांचे आकडे जुळत. पॅटरसन यांचे शिशाचे आकडे मात्र दर वेळी भलतेच जास्त येत. चूक गणितात नव्हती. शिसे नळाच्या पाण्यात होते, काचेच्या भांड्यांत होते, बाटलीतल्या आम्लात, हवेतल्या धुळीत, खुद्द मोजणाऱ्याच्या केसांवर होते. एकेक उगम हुडकून तो बंद करण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. १९५२ मध्ये ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले आणि तेथे त्यांनी गाळलेल्या हवेची खास प्रयोगशाळा उभारली. आत बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब जास्त, म्हणजे दार उघडले तरी धूळ आत येणार नाही. आम्ले पुन्हा ऊर्ध्वपातित करून घेतलेली. भांडी आम्लात बुडवून धुतलेली. याच काटेकोरपणामुळे कॅन्यन डायब्लो अशनीसारख्या नमुन्यांतील शिशाचे समस्थानिक मोजून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरले (१९५६). पुढचे सगळे काम मात्र त्या केसांवरच्या शिशामागे लागण्यातून झाले, आणि त्याचे मोल पृथ्वीच्या वयापेक्षा कमी नाही.

महासागरात त्यांना पृष्ठभागाजवळच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा बरेच जास्त शिसे सापडले. खोल पाणी वर्षानुवर्षे पृष्ठभागापासून दूर राहते. म्हणजे वरचे शिसे अलीकडे, वरूनच आलेले होते. ग्रीनलंडच्या बर्फात तर कालक्रमच गोठलेला होता. मुरोझुमी आणि चाउ यांच्यासह १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, इ.स.पू. ८०० पासून १९६५ पर्यंत बर्फातील शिसे सुमारे २०० पट वाढले होते. सर्वांत तीव्र चढ १९४० नंतरचा, म्हणजे टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग घातलेले पेट्रोल घेऊन मोटारी रस्तोरस्ती धावू लागल्या तेव्हाचा.

तत्पूर्वी, १९६५ च्या लेखात त्यांनी मूळ मुद्दा मांडला होता: अमेरिकी माणसाच्या शरीरात ‘सर्वसाधारणपणे’ आढळणारे शिसे हे ‘नैसर्गिक’ नव्हे, ते त्याच्या सुमारे शंभरपट आहे. त्या काळी शिशाच्या विषबाधेबाबत विषशास्त्रज्ञ रॉबर्ट केहो यांचा शब्द प्रमाण मानला जाई. त्यांच्या संशोधनाला शिसेयुक्त पेट्रोलशी संबंधित उद्योगांचाच पैसा होता. मेक्सिकोतील मोटारींपासून दूरच्या खेडुतांच्या शरीरातही शिसे सापडले, यावरून ते सर्वत्र निसर्गतःच असते असे केहो यांनी ठरवले. पण ती माणसे शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत रांधत व जेवत होती. अशा वेळी तुलनेला निर्लेप माणूस आणायचा कुठून? पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी तो पेरूतील प्राचीन सांगाड्यांत शोधला (१९७९), आणि आधुनिक हाडांतील शिसे शेकडो पटींनी जास्त असल्याचे दाखवले.

या मतांमुळे त्यांचे तेल उद्योगाकडून येणारे अनुदान थांबले. १९७१ च्या हवेतील शिशावरील राष्ट्रीय समितीतही त्यांना घेतले गेले नाही, आणि हवेतील शिसे त्यांच्याइतके नेमके मोजणारे तेव्हा फारच थोडे होते.

ट्यूना माशाचे उदाहरण या संशोधनाचे मर्म सांगते. १९८० मध्ये डोरोथी सेटल यांच्यासह त्यांनी दाखवले, की ताज्या माशाच्या मांसात दर ग्रॅममागे शिसे जेमतेम ०.३ नॅनोग्रॅम असते. शिशाने झाळलेल्या डब्यात भरल्यावर ते हजारो पट होते. इतर प्रयोगशाळांना हा फरक दिसतच नव्हता, कारण ताजा मासा मोजतानाच त्यांच्या हातून त्यात शिसे मिसळत होते.

शिसे काढून टाकलेल्या पेट्रोलचा परिणाम लवकर दिसला. अमेरिकी लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे १९७६–८० मध्ये डेसिलिटरमागे १२.८ मायक्रोग्रॅम होते, ते १९८८–९१ पर्यंत २.८ वर आले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली. पॅटरसन यांच्याबरोबर काम केलेले रसेल फ्लेगल आणि त्यांचे सहकारी डॉनल्ड स्मिथ यांनी १९९२ मध्ये औद्योगिक काळापूर्वीच्या माणसाच्या रक्तातील शिशाचा अंदाज मांडला: डेसिलिटरमागे ०.०१६ मायक्रोग्रॅम. घसरून आलेले २.८ हे त्याच्या दीडशेहून अधिक पट आहे.