उंदरांचे शुक्राणू वाढले, पण कितव्या दिवशी?

'अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांमधले शुक्राणू वाढले' अशी बातमी दर काही महिन्यांनी येते आणि ती यायचा अवकाश, 'सात दिवसांत फरक' सांगणाऱ्या जाहिराती तिच्या पाठोपाठ हजर होतात. बातमी बहुधा खोटी नसते. मी तिच्यात आधी एवढंच शोधतो: अर्क किती दिवस दिला?

कारण शुक्राणू घाईने तयार होत नाहीत. वृषणातल्या बारीक नलिकांच्या कडेला मूलपेशी असतात. त्या विभागत जातात, मग अर्धगुणसूत्री विभाजनाने गुणसूत्रं निम्मी होतात, गोल पेशीला शेपूट फुटतं, डोकं आवळलं जातं आणि जास्तीचा पेशीद्रव गळून पडतो. या साऱ्याला माऊस या छोट्या उंदरात सुमारे ३५ दिवस लागतात, त्याच्याहून मोठ्या रॅटमध्ये सुमारे ५२ आणि माणसात सुमारे ७४. पुढे अधिवृषण नावाच्या गुंडाळलेल्या नळीतून जाताना शुक्राणूंना पोहण्याची क्षमता येते, त्याचे दिवस वेगळे.

हे वेळापत्रक ठरवतं कोण? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रॅटच्या मूलपेशी माऊसच्या वृषणात सोडल्या होत्या. आजूबाजूला सगळं माऊसचं: हार्मोन्स माऊसची, पोषण देणाऱ्या सर्टोली पेशीही माऊसच्या. तरी रॅटच्या पेशी रॅटच्याच गतीने वाढल्या आणि शेजारी माऊसच्या पेशी आपल्या गतीने. म्हणजे घड्याळ शुक्राणूंच्या पूर्वज पेशींच्या जनुकांतच आहे. पेशी वाटेत मरू शकतात किंवा जास्त संख्येने वाचू शकतात, पण त्यांचा वेग वाढवणारं हार्मोन माहीत नाही, अर्क तर दूरच.

यातून एक सुंदर हिशेब मिळतो. रॅटला एखादा पदार्थ दिला आणि आठवड्याच्या आत शुक्राणू मंदावले, तर घाव अधिवृषणात साठलेल्या, तयार शुक्राणूंवर बसलेला असतो. तीन-चार आठवड्यांनी संख्या घटली, तर वृषणातल्या गोल पेशी दुखावलेल्या असू शकतात. दोन महिन्यांनी घट दिसली, तर थेट सुरुवातीच्या पेशींवर संशय घ्यावा लागतो. उलट १४ दिवसांच्या प्रयोगाअखेर मोजलेले शुक्राणू अर्काचा पहिला थेंब पोटात जाण्याआधीच जन्माला लागलेले असतात. त्या वाढीचं श्रेय नव्या निर्मितीला देता येत नाही.

अनेक प्रयोगांत उंदरांना आधी कॅडमियमसारखं विष दिलेलं असतं किंवा मधुमेह घडवलेला असतो. दोन्हींत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढून पेशी दुखावतात. शुक्राणूच्या पटलात या रेणूंना सहज बळी पडणारी असंपृक्त मेदाम्लं भरपूर आणि पेशीद्रव नावापुरता, त्यामुळे त्यांच्यापासून बचाव करणारी विकरं त्याच्याकडे कमी. असं नुकसान अँटिऑक्सिडंट, म्हणजे या रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या, अर्काने कमी होतं, हे पटण्याजोगं आहे. पण विषबाधा झालेला उंदीर सावरला म्हणून निरोगी प्राण्यात काही 'वाढेल' असं निघत नाही. शिवाय अंड्यापाशी पोहोचताना शुक्राणूला याच आक्रमक रेणूंची थोडी मात्रा लागतेही!

'वनस्पतीचं आहे, अपाय कसला?' हा समज तर गॉसिपॉलपाशी थांबायला हवा. कपाशीच्या सरकीतलं हे रसायन शुक्राणूनिर्मिती रोखतं. १९७० च्या दशकात चीनने ते पुरुषांची गर्भनिरोधक गोळी म्हणून ८,००० हून जास्त जणांवर अजमावलं. परिणाम झाला, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं आणि काहींचे शुक्राणू गोळी बंद केल्यावरही परतले नाहीत. पपईच्या बियांच्या क्लोरोफॉर्म अर्काने लंगूर माकडांच्या वीर्यातून शुक्राणू नाहीसे झाले होते. अर्क थांबवल्यावर ते परत आले. वनस्पती ही रसायनंच बनवते, आपल्या सोयीसाठी नव्हे.

आणखी एक खोच. रॅटकडे शुक्राणूंचा साठा अफाट असतो. उत्पादन ९० टक्क्यांपर्यंत घटलं तरी त्याला पिल्लं होत राहू शकतात. माणसाला एवढी सवलत नाही. त्यामुळे नुसती पिल्लं मोजून अर्क निर्धोक ठरत नाही. शुक्राणू मोजावे लागतात, नलिकांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात आणि अर्क बंद केल्यावरही दोन महिने उंदीर सांभाळावे लागतात.