लीनमागचा नोकरीचा करार

लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करण्याची उत्पादनपद्धत, राबवणाऱ्या अनेक कारखान्यांत सुरुवातीला आलेख चढतो. मग कायझेनच्या, म्हणजे कामगारांनीच सुचवायच्या छोट्या-छोट्या सुधारणांच्या, सूचना आटतात आणि फाइव्ह-एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची शिस्त, ऑडिटच्या आदल्या रात्रीपुरतं उरतं. दोष प्रशिक्षणाला दिला जातो. मला मूळ कारण नोकरीच्या हमीच्या अभावात दिसतं.

ही पद्धत ज्या जपानी मोटार कंपनीत घडली, ती टोयोटा 1950 मध्ये बुडायच्या बेतात होती. संपानंतर सुमारे 2,000 कामगार बाहेर पडले, अध्यक्षांनीही राजीनामा दिला. 1962 मध्ये व्यवस्थापन आणि युनियनचा, परस्पर विश्वासावर भर देणारा संयुक्त जाहीरनामा आला. पुढे ही पद्धत जगभर गेली.

खरी कसोटी लागली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला. गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम झालेला तिथला कारखाना 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटा आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेही बहुतांशी जुन्याच कामगारांना घेऊन. पूर्वी लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा होता. आता डोक्यावरची दोरी ओढली की टीम लीडर धावत येई, दोष तिथल्या तिथे सुटला नाही तर लाइन थांबे.

वाद आहे तो या कारखान्याने युनियनशी केलेल्या 1985 च्या करारावर. कंपनीचं अस्तित्व धोक्यात आल्याखेरीज कामगारकपात नाही. त्याआधी अधिकाऱ्यांचे पगार कापायचे, बाहेर दिलेलं काम आत आणायचं, असं त्यात ठरलं होतं. टीकाकारांच्या मते ही हमी देऊन युनियनला गप्प केलं आणि मिनिटातले जवळपास 57 सेकंद कामगारांचे हात चालू ठेवले. हा ताण खरा होता, तो नाकारू नये. पण 1988 च्या सुमारास विक्री घसरली तेव्हा कपात झाली नाही. मोकळ्या झालेल्यांना प्रशिक्षण आणि सुधारणेची कामं दिली गेली. लीनच्या इतिहासात याहून मोलाचा निर्णय मला दिसत नाही. वाया जाणारा वेळ दाखवून दिला तर आपल्याच पोटावर पाय येईल, ही भीती त्याने कमी केली. 2010 मध्ये कारखाना बंद झाला, तो अमेरिकी भागीदार दिवाळखोरीत जाऊन बाहेर पडल्यानंतर.

आपल्याकडे लघुउद्योगांसाठीची केंद्राची लीन योजना 2023 मध्ये नव्या रूपात आली: बेसिक, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड अशा पायऱ्या, सल्लागाराच्या खर्चाचे 90 टक्के सरकारकडून. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात मात्र लाइनवर कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने असतात. काही महिन्यांनी ज्याचं कंत्राट संपणार, तो दोघांचं काम एकात बसवायची युक्ती सुपरवायझरला सांगत नाही.