वेलार्ड ते वाढवण: मुंबईच्या भरावांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की हाजी अली आणि वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रातले पंप सुरू होतात. एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी समुद्रात फेकतो. याच टापूत सुमारे दोनशे चाळीस वर्षांपूर्वी समुद्र आत येऊ नये म्हणून बांध घातला होता. आता त्या बांधामागचे शहर कोरडे ठेवण्यासाठी पंप लागतात. हे असे का झाले, ते समजायला भरावांचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

'रेक्लमेशन' या एका शब्दात आपण दोन वेगळी कामे कोंबतो. पहिल्यात बांध घालून भरती अडवायची आणि आतली ओली जमीन सुकवायची. जमिनीची पातळी आहे तिथेच राहते. दुसऱ्यात दगड, मुरूम, वाळू किंवा गाळ टाकून समुद्राचा तळच भरतीच्या रेषेवर उचलायचा. पहिले काम स्वस्त, दुसरे महाग. पण पहिल्यात पाण्याचा निचरा ही कायमची जबाबदारी होऊन बसते.

पहिला प्रकार कोकणाला नवा नव्हता. रायगडची खारजमीन आणि गोव्याच्या खाजणांमध्ये मातीचे बांध आणि त्यांना दारे, हीच रचना आहे. रायगडात त्या दाराला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वाढला की दार आपसूक बाहेर उघडते आणि भरतीच्या दाबाने मिटते. भातशेतीत दोन दिवस पाणी तुंबले तरी फारसे बिघडत नाही आणि बांध फुटला तर गाव मिळून तो बांधतो. शहराला दोन तासही तुंबून चालत नाही, हा फरक पुढे महागात पडला.

ब्रिटिशांच्या हाती आली तेव्हा मुंबई म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे आणि त्यांच्यामधला चिखल होता. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसे आणि आज जिथे भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव आहे तिथपर्यंतचा सखल भाग बुडवी. पायधुणी आणि उमरखाडी ही नावे त्याच काळाची आठवण.

हे खिंडार बुजवण्याचे काम गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांनी हाती घेतले आणि ते १७८४ च्या सुमारास पुरे झाले. लंडनच्या संचालकांना हा खर्च मंजूर नव्हता. बांधाला पोर्तुगीज 'वल्लाडो'वरून वेलार्ड नाव पडले आणि आजचा लाला लजपतराय मार्ग त्यावरूनच जातो. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, मग कामावरच्या रामजी शिवजी या पाठारे प्रभूच्या स्वप्नात देवी आली, खाडीतून तिची मूर्ती काढून महालक्ष्मीचे देऊळ बांधले आणि मगच बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. अभियांत्रिकीच्या अंगाने बघितले तर खिंडार बुजवताना शेवटचा टप्पाच सर्वांत अवघड असतो. तोंड जितके अरुंद होत जाते तितका भरती-ओहोटीचा वेग वाढतो आणि टाकलेला दगड वाहून जातो. ढासळण्याचे कारण शोधायला स्वप्नापर्यंत जावे लागत नाही.

वेलार्डने भरती थांबवली, पण आतली जमीन उंच केली नाही. 'फ्लॅट्स' म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा मोठ्या भरतीच्या पातळीखालीच राहिला. वरळीला पाणी सोडायची दारे होती. ओहोटीला ती उघडायची, भरतीला बंद करायची. म्हणजे उघाडीचेच तत्त्व, फक्त भाताच्या जागी वस्ती. एकोणिसाव्या शतकात फ्लॅट्सचे खड्डे शहराच्या कचऱ्यानेही भरले गेले. पुढे याच पट्ट्यात गिरण्या, रेल्वे आणि महालक्ष्मीचे रेसकोर्स आले. गिरणगाव ज्या जागेवर उभे राहिले तिचा बराच भाग या बांधाची देणगी आहे, हेही नाकारायचे कारण नाही.

त्यानंतर बेटे जोडणारे रस्ते झाले. शीवचा १८०३ च्या सुमारास, कुलाब्याचा १८३८ मध्ये, माहीमचा १८४५ मध्ये. माहीमच्या रस्त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले. अट एकच, टोल घ्यायचा नाही. (आजच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जाताना ही अट आठवते.) पण रस्त्याचा बंधारा म्हणजे खाडीच्या तोंडात घातलेला बूच असतो. पुलाच्या कमानींतून जेवढे पाणी जाईल तेवढेच आतबाहेर होते, वेग मंदावतो आणि आत गाळ बसतो.

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाच्या तेजीतून आलेल्या पैशाने बॅकबे, म्हणजे मलबार हिल आणि कुलाब्यामधला समुद्राचा बाक, भरण्यासाठी कंपनी निघाली. पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. युद्ध संपले, कापूस पडला आणि १ जुलै १८६५ ला सौदे तुटले. बॅकबेच्या वाट्याला किनाऱ्यालगतची एक पट्टी तेवढी आली. तिच्यावरून पुढे बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची कुलाब्याची लाइन गेली.

पूर्व किनाऱ्यावरचे काम जास्त शहाणपणाने झाले आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला. प्रिन्सेस डॉक १८८० ला, व्हिक्टोरिया १८८८ ला, अलेक्झांड्रा १९१४ ला सुरू झाला. अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेला दगड-मुरूम टाकून शेजारीच बॅलार्ड इस्टेटची २२ एकर जागा तयार झाली. एका कामातला राडारोडा दुसऱ्या कामाची भर होतो तेव्हा वाहतूक वाचते आणि दुसरा डोंगर फोडावा लागत नाही. शिवाय भरही टणक असते. भराव चांगला कसा करावा याचे मुंबईतले उदाहरण द्यायचे तर हेच.

वाईट कसा करावा याचेही उदाहरण फार दूर नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० नंतर, डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने बॅकबेचे १,१४५ एकर भरायला घेतले. आठ ब्लॉक पाडले होते. कांदिवलीच्या खाणीतला दगड रेल्वेने आणून समुद्रात भिंत घालायची, बंदराच्या तळातला गाळ ड्रेजरने उपसून पाण्यासकट नळातून भिंतीमागे सोडायचा, पाणी निथळून गाळ बसला की जमीन तयार. कागदावर हिशेब साधा होता.

प्रत्यक्षात दोन गोष्टी चुकल्या. बंदराचा तळ कडक चिकणमातीचा निघाला आणि ड्रेजरचा उपसा अंदाजाच्या जवळपासही गेला नाही. दुसरी चूक भिंतीची. मोठ्या दगडांच्या भिंतीत मोठ्या फटी असतात. पाण्यात कालवलेला बारीक गाळ त्यांतून ओहोटीबरोबर परत समुद्रात जाऊ लागला. आज अशा भिंतीच्या आतल्या बाजूला मोठ्या दगडामागे लहान दगड, त्यामागे खडी आणि मग गाळणीचे विणलेले कापड असे थर देतात. पाणी बाहेर जाते, माती आत राहते. ही गाळणी नसेल तर एका बाजूने भरायचे आणि दुसऱ्या बाजूने गमवायचे, एवढेच होते.

वकील खुर्शेद नरिमन यांनी हा गैरकारभार वर्तमानपत्रांत आणि कौन्सिलात (प्रांताच्या कायदेमंडळात) उघडा पाडला. हार्वी या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. शेवटी १, २, ७ आणि ८ हे ब्लॉक, म्हणजे सुमारे ४४० एकर, एवढेच पुरे झाले आणि त्यातला मोठा तुकडा लष्कराला गेला. उरलेल्यावर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. त्यांचा समावेश असलेल्या परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला. 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणून हिणवलेल्या कामाचे हे फळ, तेव्हा भरावांबद्दल एका वाक्यात निकाल देणाऱ्यांनी जरा सांभाळून. स्वातंत्र्यानंतर उरलेल्या ब्लॉकांतली काही जागा भरली गेली आणि तिथे कफ परेडचा नवा भाग आणि नरिमन पॉइंट झाले. भरावाचा घोटाळा बाहेर काढणाऱ्याचे नाव भरावालाच मिळाले. दक्षिण टोकाला आणखी कचेऱ्या नेऊ नका, खाडीपलीकडे शहर वसवा, असे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल १९६५ मध्येच सांगत होते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये झाली, पण नरिमन पॉइंट थांबला नाही.

गाळावरच्या जमिनीचा एक दोष डोळ्याला उशिरा दिसतो. मुंबईच्या किनाऱ्याला खडकावर मऊ सागरी चिकणमातीचे थर आहेत. त्यावर भर टाकली की वजनाने मातीतले पाणी हळूहळू बाहेर पडते आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. पाण्याला जितके अंतर कापायचे, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. म्हणून आता मातीत दीडेक मीटर अंतरावर उभ्या प्लास्टिकच्या निचरा-पट्ट्या खुपसतात आणि वर काही महिने जादा भर ठेवतात. दशकांचे खचणे महिन्यांत उरकते. हे केले नाही तर इमारत खडकापर्यंत गेलेल्या पाइल्सवर (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर) जागेवर राहते आणि भोवतालचा रस्ता, गटार, जलवाहिनी खाली जाते. गटाराचा उतार आधीच कमी असतो, थोडे खचले की पाणी उलटे वाहते.

गटारांचे तोंड कुठे आहे, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा मुद्दा. शहराच्या पर्जन्यजल वाहिन्यांची १८६ मुखे आहेत. त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीखाली, १३५ त्या पातळीवर पण भरतीच्या रेषेखाली आणि फक्त ६ भरतीच्या वर. म्हणजे भरतीच्या वेळी जवळपास सगळी दारे बंद. पूर्वी हे पाणी काही तास थांबायला जागा होती. तिवरांची, मिठागरांची, खाजणाची. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीकाठच्या अशाच सखल भागावर भर टाकून उभे राहिले, वांद्रे रेक्लमेशनने माहीमच्या खाडीचे तोंड आवळले, विमानतळापाशी नदीला काटकोनी वळणे मिळाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी मोठी भरती होती. एवढ्या पावसाने कुठलेही शहर बुडाले असते. पण पाणी किती उंच चढावे आणि किती वेळ थांबावे, हे मिठीकाठच्या भरावांनी ठरवले. त्यानंतर पंपांच्या कामाला वेग आला, आणि पर्जन्यजल वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड योजनेचा १९९३ चा अहवाल तोवर बारा वर्षे जुना झाला होता.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा असे पत्र लिहिले. १९९१ मध्ये सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) अधिसूचना आली आणि भरावांवर बंदी आली. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत रस्त्यासाठी भराव चालेल अशी फट ठेवली. मुंबईचा सागरी किनारा मार्ग (कोस्टल रोड) त्या फटीतून गेला. १०.५८ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भर पडली. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. प्रवास वाचला, मोठी मोकळी जागाही मिळाली. गेला तो हाजी अली ते वरळीचा खडकाळ किनारा, जो ओहोटीला उघडा पडायचा आणि जिथे कोळणी कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायच्या. प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. पण कालवाचा खडक उचलता येत नाही. वरळी कोळीवाड्याची तक्रार तर अगदी मोजपट्टीची होती: क्लीव्हलँड बंदराच्या वाटेवर पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवले, उधाणात, वाऱ्यात होडी खांबावर आदळेल. बरीच वर्षे भांडून एक खांब गाळला गेला आणि अंतर १२० मीटर झाले. खर्चाच्या मानाने बदल छोटा होता, कोळ्यांना आधी विचारले असते तर आराखड्यातच झाला असता.

आता मोजमाप बदलले आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी. भराव १,४४८ हेक्टर, म्हणजे सुमारे ३,५८० एकर. लॉइडच्या १,१४५ एकरांच्या तिपटीहून अधिक, आणि तोही उघड्या समुद्रात, १० किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंतीच्या आड. मोठ्या जहाजांना लागणारी नैसर्गिक खोली तिथे किनाऱ्याजवळ मिळते, हे बंदराच्या बाजूचे खरे कारण आहे. भर या वेळी चिखलाची नाही, दमणसमोरच्या समुद्रतळातून उपसलेल्या वाळूची. तांत्रिकदृष्ट्या निवड बरोबर आहे: वाळू पाणी लवकर सोडते, खचते कमी, भिंतीतून सहज निसटत नाही. मात्र जिथून ती उपसायची तिथे तळावरचे जीव वाळूबरोबरच उचलले जातात आणि उडालेला गाळ प्रवाहाबरोबर पसरतो. या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा पकडणारी डोल भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. खुंटाला बांधलेल्या त्या जाळ्यात मासा प्रवाहच आणून टाकतो. लाटरोधक भिंतीमागे तो प्रवाह कुठे वळेल आणि किती मंदावेल, यावर डोल कुठे मांडायची हे ठरेल, आणि भरपाईचा हिशेब मात्र होड्या मोजून मांडला जातो.