दोन औषधांची जोड: स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगावरील संयुक्त उपचारांची पार्श्वभूमी

एकाच औषधाने गाठ आधी आक्रसते आणि पुढे त्या औषधाला न जुमानणाऱ्या पेशींतून पुन्हा वाढते, हे कर्करोगतज्ज्ञांनी फार लवकर ओळखले. क्षयरोगाप्रमाणे इथेही एकाच वेळी अनेक औषधे द्यावीत, हा विचार १९६०च्या दशकात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी ठरला आणि तिथून स्तनाच्या कर्करोगापर्यंत आला.

बीजांडकोशाच्या प्रगत कर्करोगात मोठा पल्ला १९९६ साली गाठला गेला. सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधासोबत सायक्लोफॉस्फमाइड या जुन्या औषधाऐवजी पॅक्लिटॅक्सेल दिल्यावर रुग्ण जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो) २४ महिन्यांवरून ३८ महिन्यांवर गेला. मात्र प्रत्येक जोडीला किंमत असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ट्रॅस्टुझुमॅब (गाठीवरच्या एका ठरावीक प्रथिनाला लक्ष्य करणारे औषध) आणि केमोथेरपी एकत्र घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण अधिक काळ जगल्या, पण ट्रॅस्टुझुमॅबसोबत अँथ्रासायक्लिन या केमोथेरपी-गटातले औषध मिळालेल्यांपैकी सुमारे २७ टक्के जणींच्या हृदयावर परिणाम झाला. जोडी ठरवताना परिणामाइतकीच सहनशक्ती मोजावी लागते, ही जाणीव मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

हे दोन कर्करोग एकाच चाचणीत येतात, यामागे बीआरसीए जनुके आहेत; त्यांतला बिघाड दोन्ही कर्करोगांचा धोका वाढवतो. या जनुकांत बिघाड असलेल्या पेशींना डीएनएमधले तुटलेले धागे नीट सांधता येत नाहीत. त्यातच पार्प हे डीएनए दुरुस्तीला मदत करणारे विकर (एन्झाइम) रोखले तर त्या मरतात, हे २००५ साली दाखवले गेले. त्यातून आलेल्या ओलापॅरिब या पार्परोधक औषधाला अमेरिकेत २०१४ साली बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण ज्यांच्यात हा बिघाड नाही, त्यांचे काय? पीआय३के हा पेशीला वाढीचे संकेत देणारा संदेशमार्ग रोखल्यास निरोगी बीआरसीए असलेल्या गाठीचीही दुरुस्तीची क्षमता कमी होऊ शकते, असे २०१२ साली प्रयोगशाळेत दिसले, आणि ओलापॅरिबसोबत बुपार्लिसिब हे पीआय३के रोखणारे औषध देऊन दोन्ही कर्करोगांच्या रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. त्यात बुपार्लिसिबची मात्रा कमी करावी लागली, कारण यकृतावर ताण येत होता आणि काहींना नैराश्य जाणवत होते.

पुढे ओलापॅरिबच्या जोडीला पीआय३के रोखणारे दुसरे औषध, अल्पेलिसिब, निवडले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत बीजांडकोशाचा कर्करोग असलेल्या २८ पैकी १० जणींची गाठ लक्षणीय आक्रसली, त्यामुळे आशा वाढली. परंतु नंतरच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत ही जोडी नेहमीच्या केमोथेरपीपेक्षा सरस ठरली नाही.