मुखपुनर्रचना

कवटीच्या आधाराने मृत व्यक्तीच्या चेहऱ्याची अनुमानित प्रतिमा तयार करण्याचे तंत्र. ही प्रतिमा मातीत घडवतात, कागदावर रेखाटतात किंवा संगणकावर उभी करतात. ओळख न पटलेल्या सांगाड्यांच्या पोलीस तपासात आणि इतिहासकालीन अवशेषांच्या अभ्यासात, असा तिचा दुहेरी वापर आहे. ‘पुनर्रचना’ हा शब्द रूढ असला तरी मूळ चेहरा जसाच्या तसा परत मिळतो असे तो सुचवतो, म्हणून अलीकडचे बरेच अभ्यासक ‘मुखानुमान’ या अर्थाची संज्ञा पसंत करतात. ती अधिक प्रामाणिक आहे. येथे रूढ शब्द ठेवला आहे.

उगम : तंत्राचा आरंभ कोठून धरावा यावर एकमत नाही. पॅलेस्टाइनमधील जेरिको येथे सापडलेल्या, चुन्याचा गिलावा देऊन डोळ्यांच्या जागी शिंपले बसवलेल्या नवाश्मयुगीन कवट्यांपर्यंत काही लेखक मागे जातात. परंतु तो पूर्वजपूजेचा भाग असावा, ओळख पटवण्याचा नव्हे. मोजमापावर आधारलेली पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत सुरू झाली, हे मत जास्त ग्राह्य वाटते. शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान व्हेल्कर यांनी १८८३ मध्ये मृतदेहांच्या चेहऱ्यात पातळ पाते खुपसून त्वचेपासून हाडापर्यंतचे अंतर मोजले आणि कवी शिलर यांची म्हणून जपलेली कवटी त्यांच्या मृत्युमुखवट्याशी (मृत्यूनंतर चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्याशी) ताडून पाहिली. दोन्ही जुळत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. विसाव्या शतकात रशियन मानवशास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमॉव्ह यांनी तीच कवटी अस्सल मानली. २००८ मध्ये डीएनए चाचणीने ती शिलर यांची नसल्याचे दाखवले. तंत्राच्या मर्यादा सांगायला याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

शरीररचनाशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म हिस यांनी १८९५ मध्ये लाइपझिग येथील सांगाडा संगीतकार बाख यांचा आहे का, हे ठरवताना पाते सोडून रबराची चकती अडकवलेली सुई वापरली. मोजलेले बहुतेक मृतदेह आत्महत्या केलेल्यांचे होते, कारण दीर्घ आजाराने त्यांचा चेहरा ओढलेला नव्हता. या सरासरीवर शिल्पकार कार्ल झेफ्नर यांनी कवटीच्या साच्यावर बाख यांचा चेहरा चढवला. शिल्पकाराला बाख यांची चित्रे ठाऊक होती; त्यामुळे जुळणी कवटीने घडवली की चित्रांनी, हा आक्षेप आजही निकालात निघालेला नाही. १९१३ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फोन एगेलिंग यांनी एकाच कवटीवर दोन शिल्पकारांना स्वतंत्रपणे काम करायला लावले, तेव्हा दोन निराळे चेहरे तयार झाले.

पुढे तीन परंपरा सांगितल्या जातात. रशियन (गेरासिमॉव्ह) पद्धतीत स्नायूंवर भर असतो. अमेरिकन पद्धतीत ऊतकजाडीच्या (हाडावरील मांस व त्वचेच्या जाडीच्या) खुणांवर. आणि १९७० च्या दशकापासून रिचर्ड नीव्ह यांनी मँचेस्टरमध्ये रूढ केलेल्या पद्धतीत दोन्हींचा मेळ घातला जातो. ही विभागणी पाठ्यपुस्तकी आहे. गेरासिमॉव्हही जाडीची मापे वापरत असत, त्यामुळे व्यवहारात सीमारेषा पुसट होतात.

कृती : मूळ कवटीवर माती चढवत नाहीत. डीएनएसाठी दाढ किंवा हाडाचा तुकडा आधी काढून घ्यावा लागतो, कारण नंतर लावलेली रसायने नमुन्याला बाधा आणू शकतात. ठिसूळ हाडाला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ हात देतात. पावसाळी हवेत अ‍ॅसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि राळ पांढरी पडते. म्हणून हे काम कोरड्या खोलीतच करतात. पुढचे एकमुळी दात मृत्यूनंतर लवकर गळतात. ते चाळणीत शोधून परत बसवले नाहीत तर ओठांचा आधारच जातो. खालचा जबडा लावताना दातांवर दात घट्ट टेकवणे ही नेहमीची चूक. विश्रांतीच्या स्थितीत दोन ओळींत २ ते ४ मिमी फट असते आणि सांध्यातील कूर्चेचीही जागा सोडावी लागते. नाहीतर चेहरा आखूड होतो.

त्यानंतर साचा घेतात किंवा सीटी स्कॅनवरून त्रिमितीय प्रत छापतात. छेद १ मिमी किंवा त्याहून पातळ असावेत. डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या भिंती जाड छेदांत भोके पडल्यासारख्या दिसतात, आणि दातांतले धातूचे भरण चित्रात रेघा उमटवते. प्रत फ्रँकफुर्ट पातळीवर, म्हणजे खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत येतील अशी, स्टँडवर बसवतात. ठरलेल्या जागी तेथील ऊतकजाडीइतक्या रबराच्या खुंट्या कापून चिकटवतात. जुन्या अमेरिकन तक्त्यात अशा २१ जागा होत्या. प्रौढाच्या दोन भुवयांमध्ये जाडी ५ मिमीच्या आसपास, नाकाच्या हाडाच्या टोकाशी ३ मिमीच्या आसपास असते, तर गालावर ती कित्येक पटींनी वाढते. तक्ता कोणाचा हेही पाहावे लागते : मृतदेहांवर घेतलेल्या मापांत ऊतके सुकलेली असतात, आणि आडव्या स्थितीतल्या एमआरआयमध्ये गाल मागे ओघळतात. भारतात वायव्येकडील प्रौढांची एमआरआयवरून घेतलेली मापे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती कोकण किनाऱ्यावरील कवटीला लावताना सावधगिरी हवी, हे वेगळे सांगायला नको.

नेत्रगोल सुमारे २४ मिमी व्यासाचा घेतात. जुन्या नियमाप्रमाणे, म्हणजे खोबणीच्या कडांना जोडणाऱ्या रेषेला टेकवून, बसवलेले डोळे आत जातात. प्रत्यक्षात बुबुळाचा पुढचा भाग खोबणीच्या वरच्या-खालच्या कडांना जोडणाऱ्या रेषेच्या सुमारे ४ मिमी पुढे असतो, असे नव्या मोजणीत दिसले. मग कानशिलाचा व चावण्याचा स्नायू, तोंडाभोवतीचा वर्तुळाकार स्नायू असे एकेक चढवून त्यांवर त्वचेचा थर देतात. सुळ्यांमधील अंतर हे तोंडाच्या रुंदीच्या सुमारे ७५ टक्के धरतात. नाकाची रुंदी हाडाच्या छिद्रावरून काढतात; छिद्र हे नाकाच्या रुंदीच्या तीन-पंचमांश धरण्याचे जुने प्रमाण सर्व समाजांना सारखे लागू नाही. कान, ओठांची ठेवण, पापण्यांच्या घड्या, लठ्ठपणा आणि केस यांबाबत हाड जवळजवळ मुके असते. येथे कलावंताचा हात चालतो, आणि नातेवाईकांचे लक्ष नेमके याच गोष्टींकडे आधी जाते. म्हणून पोलिसांसाठीच्या प्रतिमेत केस धूसर ठेवतात किंवा दोन-तीन पर्याय देतात. तेलयुक्त माती किनारपट्टीच्या उन्हाळ्यात मऊ पडून घसरते. पाण्याची माती सुकताना आकसते व खुंट्यांभोवती तडे जातात.

भारतातील ऐतिहासिक वापर : राखीगढी या हरियाणातील सिंधू संस्कृतीच्या स्थळावरील दफनभूमीतील दोन व्यक्तींचे चेहरे सीटी माहितीवरून तयार करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या चमूत होते. त्वचेचा व डोळ्यांचा रंग कवटीवरून ठरत नाही. अशा प्रतिमांवरून उठणारे वाद बहुतेकदा या रंगावरूनच उठतात.

गोवा : गोव्यातील सर्वांत गाजलेल्या ऐतिहासिक ओळखीत मुखपुनर्रचनेला वावच नव्हता. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेवरून शिराझ येथे ठार करण्यात आले. ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिचे काही अवशेष जुने गोवे येथील आपल्या मठात आणले. हे १६२७ च्या सुमारास घडले असावे. मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, आणि अवशेषांची पेटी ठेवल्याची, चॅप्टर चॅपलमधील (मठवासीयांच्या सभेच्या प्रार्थनागृहातील) खिडकी पोर्तुगीज कागदपत्रांत नोंदलेली असूनही ढिगाऱ्याखाली गेली. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात २००४ च्या सुमारास हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र संशोधन केंद्राने त्यातील मातृवंशीय डीएनए तपासला, तो यू१बी गटाचा निघाला. हा गट भारतीय नमुन्यांत आढळला नव्हता, जॉर्जियात आढळतो. यावरून हाड कॉकेशसकडील व्यक्तीचे, हे बळकट होते. ते केतेवानचेच, ही जोड कागदपत्रांनी मिळते. २०२१ मध्ये अवशेषाचा भाग जॉर्जियाला देण्यात आला. कवटीच नसल्याने राणीच्या चेहऱ्याची जी चित्रे दिसतात, ती सारी कल्पनेची.

चिऱ्याची (जांभ्याची) माती आम्लधर्मी आणि पाऊस भरपूर, त्यामुळे येथे दफन केलेले हाड लवकर विरते. नाक आणि खोबणीची कागदासारखी हाडे आधी जातात, म्हणजे चेहऱ्याचा मधला भागच. हाडाला चढलेला तांबूस रंग लोहाचा असतो. तो रक्ताचा डाग समजू नये.

न्यायालयीन स्थान : अशी प्रतिमा ओळखीचा पुरावा नसते. बेपत्तांच्या नोंदींतून नाव पुढे येण्यापुरता तिचा उपयोग. ओळख नंतर दात, डीएनए किंवा जुन्या क्ष-किरणचित्रांनी ठरते. हयातीतील छायाचित्र कवटीवर ठेवून पाहण्याचे अध्यारोपण हे निराळे तंत्र होय. इंग्लंडमधील रक्सटन खून खटल्यात (१९३६) ते गाजले, आणि भारतात ते ग्राह्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने रामलोचन अहीर खटल्यात दिला.

रहस्यकथेत : जुन्या गुन्ह्याचा छडा लावणारा न्यायवैद्यक कलावंत हे रहस्यकादंबरीतील ओळखीचे पात्र आहे. तेथे चेहरा एका रात्रीत तयार होतो आणि तो पाहून कोणीतरी दचकते. प्रत्यक्षात हाताने केलेले काम कित्येक दिवस चालते, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याला दचकणारा साक्षीदार उरलेला नसतो. ताडून पाहायला चित्र हवे. गोव्यात घडणाऱ्या कथानकाला त्यासाठी जुने गोवे येथील संग्रहालयातील विजरईंची (पोर्तुगीज राजप्रतिनिधींची) चित्रमालिका हाताशी आहे. ती १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रो यांनी गास्पार कोर्रैय यांच्याकडून सुरू करून घेतली. मात्र त्यांतील अनेक चित्रांवर पुढच्या शतकांत पुनःपुन्हा रंग चढवला गेला, आणि वरच्या थरातले नाक मूळ चित्रकाराचे असेलच असे नाही.