सॅफिक प्रणयकादंबऱ्यांचा शोध : यादीपासून उपप्रकारापर्यंत

दोन स्त्रियांमधील प्रेमाची, म्हणजेच ‘सॅफिक’, कादंबरी शोधणारे वाचक आज बहुधा उपप्रकारापासून सुरुवात करतात. ऐतिहासिक हवी की समकालीन, पोलीस तपासात गुंफलेली हवी की अंतराळात घडणारी, असे प्रश्न आधी येतात. नायिकांचे शेवटी काय होणार ही शंका सहसा मनात येतही नाही. ही सोय फार जुनी नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ वाचकांपुढे दोनच प्रश्न होते: असे पुस्तक मुळात मिळणार कुठे, आणि त्यातल्या दोघी शेवटच्या पानापर्यंत एकत्र राहणार का? उपप्रकारांची आजची वाढ समजून घ्यायची, तर या दोन प्रश्नांची उत्तरे कोणी आणि कशी शोधली हे आधी पाहावे लागते.

सुरुवातीला हे प्रेम दुसऱ्याच कुठल्या तरी कथाप्रकाराच्या आडोशाने वावरत होते. आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ ही दीर्घकथा 1871-72 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. एका तरुणीला दुसरीविषयी वाटणारी ओढ तीत अगदी उघड आहे. मात्र ती ओढ असणारी रक्तपिपासू पिशाच्च असल्याने शेवटी तिच्या छातीत खुंटी ठोकली जाते आणि वाचकाची नैतिक अडचणही परस्पर मिटते. रॅडक्लिफ हॉल यांनी 1928 मध्ये ‘द वेल ऑफ लोनलिनेस’ लिहिताना हा आडोसा काढून टाकला. ‘संडे एक्स्प्रेस’च्या संपादकांनी पुस्तकाविरुद्ध मोहीम उघडली, प्रकरण लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात गेले आणि अश्लील ठरवून पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. या कादंबरीतही नायिका अखेरीस प्रेयसीला स्वतःपासून दूर लोटते, म्हणजे बंदी आली ती दुःखान्त पुस्तकावरच, हे विसरता येत नाही.

खरा पूर आला तो 1950 नंतर, अमेरिकेत स्वस्त पेपरबॅक पुस्तकांचा बाजार उभा राहिल्यावर. फॉसेट कंपनीच्या ‘गोल्ड मेडल’ मालिकेत मॅरिजेन मीकर यांनी ‘व्हिन पॅकर’ या टोपणनावाने लिहिलेली ‘स्प्रिंग फायर’ 1952 मध्ये आली. त्या काळच्या एका यशस्वी लेखकाच्या कादंबरीशी नामसाधर्म्य साधून खप वाढावा, या हिशेबाने संपादक डिक कॅरल यांनी हे शीर्षक सुचवले होते. शेवटाबाबत मात्र त्यांची अट ठाम होती: दोघींना सुख लाभलेले दाखवले, तर टपाल खाते पुस्तकांचे गठ्ठे अडवील, म्हणून शेवट सुखाचा असता कामा नये. त्याप्रमाणे एकीची रवानगी मनोरुग्णालयात होते आणि दुसरीला आपले तिच्यावर प्रेम नव्हतेच असा साक्षात्कार होतो. पुस्तकाच्या जवळपास 15 लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. हा खप पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून रंगवलेल्या मुखपृष्ठांमुळे झाला खरा, पण त्याच मुखपृष्ठांवरून कित्येक स्त्रियांना हे पुस्तक आपल्यासाठी आहे एवढे कळत होते. शेवटची चार पाने सोडून द्यायची, ही वाचनपद्धती त्यांची त्यांनीच शोधली असावी.

त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी ‘क्लेअर मॉर्गन’ या नावाआडून ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ प्रसिद्ध केली. तीत कोणी मरत नाही, कोणी वेडी होत नाही, आणि दोघी एकत्र येण्याची आशा शेवटी शिल्लक राहते. पेपरबॅक आवृत्ती निघाल्यावर प्रकाशकाच्या पत्त्यावर ‘क्लेअर मॉर्गन’ यांच्या नावे वाचकांची पत्रे महिनोन्महिने येत राहिली. कादंबरीवर लेखिकेचे खरे नाव यायला 1990 साल उजाडले. अ‍ॅन बॅनन यांच्या 1957 ते 1962 या काळातील कादंबऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले: त्याच व्यक्तिरेखा एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहिल्यामुळे न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधील एक आख्खी वस्ती वाचकांच्या ओळखीची झाली.

पुस्तके होती, पण ती हजारो भडक मुखपृष्ठांमध्ये विखुरलेली. त्यांतून उपयोगाची वेचून काढण्याचे काम दोन-तीन हट्टी स्त्रियांनी अंगावर घेतले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा तोच आहे. जेनेट हॉवर्ड फॉस्टर या लैंगिकतेचे अभ्यासक आल्फ्रेड किन्झी यांच्या संशोधन संस्थेच्या पहिल्या ग्रंथपाल. प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोपासून स्वतःच्या काळापर्यंतच्या साहित्यातील स्त्रीप्रेमाचा मागोवा घेणारा त्यांचा ग्रंथ छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी तो 1956 मध्ये पदरमोड करून छापला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतील ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ या समलिंगी स्त्रियांच्या संघटनेचे ‘द लॅडर’ हे मासिक सुरू झाले, आणि त्यात पुढे बार्बरा ग्रिअर ‘जीन डेमन’ या नावाने पुस्तक परीक्षणे लिहू लागल्या.

ग्रिअर यांनी 1967 मध्ये सहलेखिकेसह एक संदर्भसूची पुस्तकरूपाने काढली. तिची मांडणी जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक शीर्षकापुढे एक अक्षर असे. ‘ए’ म्हणजे स्त्रीप्रेम हाच कथेचा मुख्य विषय, ‘बी’ म्हणजे तो दुय्यम, ‘सी’ म्हणजे दबलेला किंवा वाचकाने ओळींमधून वाचायचा, आणि ‘टी’ म्हणजे सरळसरळ टाकाऊ. शिवाय दर्जानुसार एक ते तीन तारे. म्हणजे पुस्तकात प्रेम आहे का, किती आहे आणि ते वाचण्याच्या लायकीचे आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिळत. आज पुस्तकांच्या संकेतस्थळांवर दिसणारे टॅग आणि ताऱ्यांचे मूल्यांकन यांपेक्षा ही पद्धत फार वेगळी नाही. रहस्य, इतिहास, विज्ञानकथा अशी विभागणी मात्र त्यात नव्हती. भुकेल्या वाचकांना तेवढे चोखंदळ होणे परवडणारे नव्हते.

विभागणीची गरज निर्माण झाली ती स्त्रियांनी स्वतः प्रकाशन हाती घेतल्यावर. अल्मा राउटसॉंग यांनी एकोणिसाव्या शतकातील दोन स्त्रियांच्या संसाराची कथा 1969 मध्ये स्वखर्चाने छापली. 1972 मध्ये एका मोठ्या प्रकाशन संस्थेने ती ‘पेशन्स अँड सेरा’ या नावाने काढली आणि सुखान्त ऐतिहासिक प्रणयकथेचा नमुना वाचकांपुढे आला. पुढच्याच वर्षी ग्रिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नायाड प्रेस’ ही प्रकाशन संस्था सुरू केली. बंद पडलेल्या ‘द लॅडर’च्या वर्गणीदारांची यादी ग्रिअर यांच्या हाती होती, त्यामुळे पुस्तकांच्या दुकानांना वळसा घालून टपालाने थेट वाचकांपर्यंत पोहोचता आले. एकेकाळी टपाल खात्याच्या भीतीने नायिकांना दुःखात लोटावे लागत होते. आता त्याच टपालाने सुखान्त पुस्तके घरपोच जाऊ लागली.

‘नायाड’च्या कॅथरीन फॉरेस्ट यांचे काम पाहिले की उपप्रकार कसे फुटले ते कळते. 1983 मध्ये त्यांची ‘क्युरियस वाइन’ आली, ती निखळ प्रेमकथा. 1984 मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस पोलीस दलातील केट डेलाफील्ड ही तपास अधिकारी ‘अमॅच्युअर सिटी’मधून वाचकांपुढे आणली, आणि त्याच वर्षी ‘डॉटर्स ऑफ अ कोरल डॉन’मध्ये स्त्रियांना परग्रहावर वसाहत करायला धाडले. प्रेमाचे समर्थन करण्यात कादंबरी खर्ची घालावी लागत नसेल, तर लेखिकेला खुनाचा तपास किंवा परग्रहावरची वसाहत यांसाठी पाने उरतात, इतके हे साधे आहे. 1991 मध्ये ज्यूएल गोमेझ यांच्या ‘द गिल्डा स्टोरीज’ने रक्तपिपासू नायिकाही परत आणली, यावेळी गुलामगिरीतून पळालेली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून, आणि खुंटीशिवाय.

पुढचा धक्का अनपेक्षित ठिकाणाहून आला. ‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ ही दूरचित्रवाणी मालिका 1995 ते 2001 या काळात चालली. तिच्यावर इंटरनेटवर फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिणाऱ्यांनी ‘उबर’ नावाचा प्रकार काढला: मालिकेतल्या झीना आणि गॅब्रिएल यांच्या स्वभावाच्या, चेहऱ्यामोहऱ्याच्या दोन स्त्रिया घ्यायच्या आणि त्यांना कोणत्याही काळात, कोणत्याही पेशात नेऊन ठेवायचे. एक करारी, दुसरी मनमोकळी अशी जोडी शल्यविशारद झाली, गुप्तहेर झाली, कंपनीची मालकीण आणि तिची नोकर झाली. मालिकेशी संबंध नावापुरताही न उरल्याने यांतल्या अनेक कथा पुस्तकरूपाने छापता आल्या. ‘रॅडक्लिफ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका शल्यविशारद लेखिकेने 2004 मध्ये ‘बोल्ड स्ट्रोक्स बुक्स’ ही प्रकाशन संस्था सुरू केली. त्याच वर्षी स्थापन झालेली ‘गोल्डन क्राउन लिटररी सोसायटी’ आपले पुरस्कार उपप्रकारांनुसार देते. आजच्या याद्यांमधील ठरीव साच्यांचे मूळ, मला वाटते, छापील परंपरेपेक्षा या फॅनफिक्शनमध्ये जास्त आहे.

ई-पुस्तकांनी छपाईचा आणि साठवणुकीचा खर्च जवळजवळ संपवला, पण शोधाची सूत्रे दुकानाच्या यंत्रणेकडे गेली. एप्रिल 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनवरील 57,310 पुस्तकांचे विक्री क्रमांक नाहीसे झाले, आणि त्यांत समलिंगी विषयांवरील पुस्तके लक्षात येण्याइतकी होती. कंपनीने ही सूचीकरणातील चूक असल्याचे सांगितले. परंतु एका रकान्यातील नोंद बदलली की पुस्तके विकत मिळत असूनही शोधात दिसेनाशी होतात, हे तेव्हा सगळ्यांना कळले. त्याच वर्षी खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संग्रहाने वाचकांना बारीक टॅग लावून शोधण्याची सवय लावली, आणि तीच अपेक्षा ते छापील कादंबऱ्यांकडून करू लागले.

मोठ्या प्रकाशन संस्था या बाजारात गंभीरपणे उतरल्यावर नवी गफलत सुरू झाली. 2019 मधील ‘गिडियन द नाइन्थ’ आणि ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’ या कादंबऱ्या सॅफिक याद्यांमध्ये हमखास असतात, पण त्या मुळात अद्भुतकथा. प्रेम हे त्यांतले एक सूत्र आहे. प्रेमकथा केंद्रस्थानी आणि शेवट आशादायी, ही प्रणयकादंबरीची रूढ व्याख्या लावली तर त्याच वर्षीची ऑलिव्हिया वेट यांची खगोलशास्त्रज्ञ नायिकेची ऐतिहासिक कादंबरी तीत बसते, ‘गिडियन’ बसत नाही. शोधाचे शब्दही बदलले आहेत: नवी पुस्तके ‘सॅफिक’ म्हणून नोंदलेली असतात, तर विसाव्या शतकातील बहुतेक ‘लेस्बियन’ या शब्दाखालीच सापडतात. ‘नायाड’ 2003 मध्ये थांबली आणि तिच्या अनेक लेखिका ‘बेला बुक्स’कडे गेल्या, त्यामुळे काही जुनी पुस्तके नव्या आवृत्तीत मिळतात. ज्या पेपरबॅकना ना नवी आवृत्ती मिळाली ना टॅग, त्यांच्यासाठी ग्रिअर यांच्या सूचीच्या जुन्या आवृत्त्या आजही चाळाव्या लागतात, ‘टी’ अक्षरावर फारसा विश्वास न ठेवता.